मदत हवी आहे: सामाईक परीक्षेच्या रेट्यात मुलांची सर्जनशीलता कशी टिकवायची?

रेघोटी
नमस्कार. जरा लवकर उत्तरं हवी आहेत, सोमवारी मुख्याध्यापिकांना लेखी आराखडा द्यायचा आहे.

आमच्याकडे सगळ्या तुकड्यांना एकच पेपर असतो. तो बाहेरून येतो आणि निकाल तुकडीनिहाय लावला जातो. त्यामुळे वर्षभर सराव प्रश्नसंच. जरा वेगळं काही करायला घेतलं की पहिला प्रश्न येतो, "बाई, हे परीक्षेला आहे का?" नाही म्हटलं की पेनं खाली. गेल्या आठवड्यात सांगितलं, धडा वाचून तुम्हाला पडलेला कुठलाही प्रश्न लिहा. जवळजवळ सगळ्यांनी स्वाध्यायातलाच एखादा उतरवून दिला. हीच मुलं मधल्या सुट्टीत रोज नवा खेळ शोधतात, त्याचे नियम ठरवतात, नियमांवरून भांडतात आणि पुन्हा बदलतात. म्हणजे कल्पनाशक्ती आटलेली नाही. वर्गात आलं की ती बंद होते.

मला आठवड्याला एक तासिका मिळू शकते. अट एकच: गुण घसरता कामा नयेत. त्या तासिकेत काय करू? "मुलांना मोकळीक द्या" असं कृपया सांगू नका. नेमकं सांगा.

चौथा बाक
इयत्ता कोणती? विषय कोणता? पेपर बहुपर्यायी की लेखी? पट किती? यातलं काहीच नाही तर नेमकं कसं सांगणार?

कुंचला
ती तासिका सरळ चित्रकलेला द्या. मी चित्रकला शिकवते म्हणून म्हणते असं नाही. टॉरन्स या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांची सर्जनशीलतेची चाचणी १९६६ मध्ये आली, तिच्यातही मुलांना अर्धवट आकृत्या पूर्ण करायला देतात. मी वर्गात तेच करते. एक वाकडी रेघ देते आणि म्हणते, हिचं काहीतरी करा. घर आणि सूर्य एकदा संपले की त्यानंतर जे येतं ते बघण्यासारखं असतं. परीक्षेचं नाव काढलं की मात्र पुन्हा घर आणि सूर्य. मुलांचा हात मोकळा झाला की डोकं आपोआप मोकळं होतं, करून बघा.

रेघोटी
सातवी. गणित आणि विज्ञान. पेपर पूर्ण बहुपर्यायी, चार पर्याय. पट पन्नासच्या आसपास.

कुंचला, चित्रकलेचा तास वेगळा आहेच आणि मुलं तिथे छान रमतात. माझी अडचण गणिताच्या तासाची आहे.

पालक_एक
मलाही अगदी हाच प्रश्न पडला आहे. माझा मुलगा नववीत आहे. पाठांतर चांगलं आहे, पण पेपरात वेळ पुरत नाही. सोप्यापासून सुरुवात करावी की अवघडापासून? जाणकारांनी सांगावं.

जुना_परीक्षक
पालक_एक, सोप्यापासून. अडलेल्यावर खूण करून पुढे जायला शिकवा. पण हा वेगळा धागा होईल.

रेघोटी ताई, तुमच्या लिहिण्यात परीक्षेबद्दल जो राग आहे तो मला पटत नाही. मी बरीच वर्षं पेपर काढले आहेत. चाचणी म्हणजे निव्वळ मोजमाप नव्हे, आठवून लिहिण्यातूनही शिकणं होतं. रॉडिगर आणि कार्पिक यांचा २००६ चा प्रयोग बघा. एका गटाने उतारा पुन्हा वाचला, दुसऱ्याने न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी पाहिलं तर पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने पाहिलं तर आठवून लिहिणारे. डोक्यात काही नसेल तर मूल नवीन जोडणार तरी काय? आधी पाया पक्का करा, सर्जनशीलता मागून येते.

निरंजन
"मागून येते" हे ऐकतच आपण सगळे मोठे झालो. कधी येते?

परीक्षेवर जेवढं जास्त अवलंबून ठेवाल तेवढी ती परीक्षाच बिघडते. डोनाल्ड कॅम्पबेल या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९७० च्या दशकातच हे मांडलं होतं: निर्णय ज्या आकड्यावर घेतले जातात, तो आकडा आणि तो ज्याचं मोजमाप करतो ती गोष्ट, दोन्ही भ्रष्ट होतात. तुकडीनिहाय निकाल लावला की शिक्षक तुकडी नाही, निकाल शिकवतो.

शिवाय क्यूंग ही किम यांनी अमेरिकेतल्या टॉरन्स चाचण्यांचे अनेक वर्षांचे गुण तपासून २०११ मध्ये दाखवून दिलं की १९९० नंतर सर्जनशीलतेचे गुण घसरत गेले. परीक्षांनी काय केलं ते यातून स्पष्ट आहे.

जुना_परीक्षक
घसरण दिसली हे मान्य. ती परीक्षांमुळे झाली हे त्या आकड्यांतून सिद्ध होत नाही. त्याच काळात मुलांच्या आयुष्यात इतरही शंभर गोष्टी बदलल्या. आणि गंमत बघा, परीक्षांच्या विरोधात तुम्ही पुरावा कुठला देता, तर एका चाचणीचे गुण.

उलट पिसाने, म्हणजे ओईसीडी या प्रामुख्याने विकसित देशांच्या संघटनेच्या पंधरा वर्षांच्या मुलांसाठीच्या आंतरराष्ट्रीय चाचणीने, २०२२ च्या फेरीत सर्जनशील विचारही तपासला, निकाल २०२४ मध्ये आले. पहिला सिंगापूर, ६० पैकी सरासरी ४१ गुण. ओईसीडी देशांची सरासरी ३३. सिंगापूरला परीक्षांचा दबाव कमी आहे असं कोणी म्हणेल का? गणितातही पहिला तोच.

निरंजन
त्याच अहवालात पुढे वाचा. हाँगकाँग, मकाऊ आणि तैवान गणितात सरासरीच्या कितीतरी वर आहेत, पण सर्जनशील विचारात सरासरीएवढे किंवा खाली. म्हणजे पाया पक्का झाला की बाकीचं आपोआप येतं हे खरं नाही. त्यासाठी काहीतरी मुद्दाम करावं लागतं. रेघोटी तेच विचारत आहेत.

जुना_परीक्षक
मुद्दाम करावं लागतं, हे मान्य.

मृद्गंध
थोडं अवांतर. ठरावीक साच्यात लिहायला लावणाऱ्या परीक्षा नव्या नाहीत. चीनमध्ये मिंग आणि छिंग काळात राजदरबारी नोकरीच्या परीक्षेत निबंध आठ ठरलेल्या भागांत लिहावा लागे, वाक्यांच्या जोड्यासुद्धा तोलून मापून. हुशार माणसं आयुष्याची उमेदीची वर्षं त्या साच्यात घालवत. १९०५ मध्ये त्या परीक्षा बंद झाल्या. पण दुसरी बाजूही खरी आहे. घराणं न बघता माणूस निवडायची ती एक वाट होती. सगळ्यांना एकच पेपर असण्यामागे न्यायाची कल्पना आहे, ती मला टाकवत नाही.

बहुपर्यायी प्रश्नही असाच आला. अमेरिकेत फ्रेडरिक केली यांनी १९१५ च्या सुमारास वाचनाच्या चाचणीत तो वापरला, तपासणाऱ्याच्या मर्जीवर गुण ठरू नयेत म्हणून.

रेघोटी
माहिती छान आहे, पण सोमवार जवळ येतोय. पिसाचं मी काय करू? मला पंचेचाळीस मिनिटं भरायची आहेत.

चौथा बाक
आता पेपरचं स्वरूप कळलं म्हणून सांगतो. मीही गणितच शिकवतो. पेपरशी भांडू नका, त्याच्या आत शिरा. मुलांना चुकीचे पर्याय तयार करायला द्या.

फळ्यावर लिहा: १/२ + १/३ = ? उत्तर ५/६, हे तुम्हीच सांगून टाका. आता मुलांचं काम असं, की ज्यांवर हुशार मूलही फसेल असे तीन चुकीचे पर्याय शोधायचे. प्रत्येक पर्यायासमोर तो कुठल्या विचारातून येतो ते एका वाक्यात लिहायचं. २/५ कोण लिहील? वरचे अंक वर, खालचे खाली मिळवणारा. १/६? बेरजेऐवजी गुणाकार करणारा. १/५? फक्त छेदांची बेरीज करून वर एक तसाच ठेवणारा. "३८" लिहिलं तर तो पर्याय बाद, कारण त्यामागे कुठलाच विचार नाही.

हे दिसतं परीक्षेसारखं, म्हणून "परीक्षेला आहे का" हा प्रश्न येत नाही. पण बरोबर उत्तराला वाट एक, चुकीला अनेक, आणि त्या वाटा शोधताना मुलाला दुसऱ्याच्या डोक्यात शिरावं लागतं. एरवी गप्प बसणारी मुलं इथे पुढे येतात. ज्यांनी त्या चुका स्वतः केलेल्या असतात त्यांना त्या सगळ्यात चांगल्या सांगता येतात, आणि वर्गात प्रथमच त्यांच्या चुकीला किंमत येते.

विज्ञानात तर खाणच आहे. ऋतू का होतात? "उन्हाळ्यात पृथ्वी सूर्याच्या जवळ असते" हा पर्याय मुलं स्वतःहून काढतात. मग आकडे द्या: पृथ्वी सूर्याच्या सगळ्यात जवळ असते ती जानेवारीच्या सुरुवातीला, साधारण १४.७ कोटी किलोमीटरवर, आणि सगळ्यात लांब जुलैच्या सुरुवातीला, १५.२ कोटींवर. उत्तर गोलार्धात जानेवारीत हिवाळा असतो. आता तो पर्याय कोणी वाचवून दाखवा म्हणावं. तास संपला तरी वाद संपत नाही.

जुना_परीक्षक
हे मला मनापासून आवडलं. पेपर काढताना खरी मेहनत बरोबर उत्तराला लागत नाही, चुकीच्या पर्यायांना लागते.

एक धोका मात्र आहे. चुकीचा पर्याय डोक्यात बसतो आणि पुढे तोच खरा वाटू लागतो. रॉडिगर आणि मार्श यांनी २००५ मध्ये बहुपर्यायी चाचण्यांबाबत हेच दाखवलं होतं. म्हणून तास संपायच्या आत प्रत्येक प्रश्नाचं बरोबर उत्तर आणि त्याचं कारण मोठ्याने सांगून घ्या. ते पुढच्या तासावर ढकलू नका.

कुंचला
पण हे शेवटी परीक्षेचंच काम झालं ना? मुलांना पेपरच्या बाहेरचं जग कधी दिसणार? ज्याला उत्तरच नाही असं काही तुमच्याकडे नाही का?

चौथा बाक
ताई, बरोबर बोललात. म्हणून महिन्यातून एक तास उलटा प्रश्न घ्या. लांबी ८ आणि रुंदी ३ तर क्षेत्रफळ किती, असं विचारू नका. क्षेत्रफळ २४ असलेले आयत शोधा म्हणा. पूर्ण संख्यांत चार सापडतात: १×२४, २×१२, ३×८, ४×६. परिमिती काढायला लावा, ५०, २८, २२, २० येते. मग कोणीतरी विचारतंच, याहून कमी होईल का? तो प्रश्न तुम्ही विचारू नका. कितीही वेळ गेला तरी थांबा. अपूर्णांक चालतील का, हे कोणी विचारलं की दार उघडलं. बाजू ४.९ च्या आसपास घेऊन मुलं चौरसापर्यंत स्वतः पोचतात.

तुम्ही लिहिलंत ना की मुलांनी स्वाध्यायातला प्रश्न उतरवला? "प्रश्न लिहा" म्हटल्यावर प्रश्न सुचत नाही. समोर काहीतरी अर्धं राहिलेलं लागतं. कुंचला ताईंची वाकडी रेघ तेच काम करते.

रेघोटी
हे करता येईल! पण दोन शंका. मुलं थट्टेचे पर्याय लिहितील. आणि गुण नाहीत म्हटलं की करणारच नाहीत. दर तासाला पाच गुण ठेवू का?

निरंजन
गुण अजिबात नको. लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांचा १९७३ चा प्रयोग आहे. चित्रं काढायला आवडणाऱ्या लहान मुलांना आधीच सांगितलं की काढलंत तर प्रमाणपत्र मिळेल. पुढे मोकळ्या वेळात तीच मुलं इतरांच्या जवळपास निम्माच वेळ चित्रांकडे वळली. ज्यांना न सांगता प्रमाणपत्र मिळालं त्यांचं तसं झालं नाही. तुमचे पाच गुण म्हणजे तेच प्रमाणपत्र.

जुना_परीक्षक
ती मुलं बालवाडीची होती आणि त्यांना चित्रं मुळात आवडत होती. इथे सातवीची मुलं आहेत, पेनं खाली ठेवून बसलेली. सुरुवातीला थोडा आधार लागतो. पहिले काही तास गुण ठेवा, मग काढून घ्या.

निरंजन
एकदा दिलेले गुण काढून घ्याल तेव्हा काय होतं ते पुन्हा त्याच वर्गाला विचारा.

मृद्गंध
मधली वाट आहे. रूथ बटलर यांनी १९८८ मध्ये शाळकरी मुलांवर तीन प्रकार करून पाहिले: फक्त गुण, फक्त शेरा, आणि दोन्ही. फक्त शेरा मिळालेल्यांची कामगिरी आणि गोडी दोन्ही वाढली. गुण आणि शेरा दोन्ही मिळाले त्यांना शेऱ्याचा फायदा झालाच नाही. मुलं आकडा बघतात आणि वही मिटतात, हे आपल्यालाही दिसतं. म्हणून एका ओळीचा शेरा द्या. "छान" नको. "हा पर्याय मलाही फसवून गेला असता, कारण..." असं काहीतरी.

चौथा बाक
बक्षीस हवंच असेल तर वर्गातले सगळ्यात फसवे पर्याय पुढच्या घटक चाचणीच्या सरावात वापरा. आपला पर्याय पूर्ण वर्ग सोडवतोय, याहून मोठं काय? थट्टेचे पर्याय पहिल्या तासाला येतीलच. येऊ द्या. त्यांच्यावर कोणी फसत नाही हे मुलांनाच दिसतं आणि ती स्वतःच खोडतात.

रेघोटी
ठीक. आराखड्यात असं लिहिते: तीन आठवडे चुकीचे पर्याय, चौथ्या आठवड्याला उलटा प्रश्न, दर तासाच्या शेवटी बरोबर उत्तरांची उजळणी, गुण नाहीत, एका ओळीचा शेरा. उजळणीचा मुद्दा सगळ्यात वर घालते. मुख्याध्यापिकांना गुणांची काळजी आहे, त्यांना त्याचाच आधार वाटेल.

पन्नास शेरे दर आठवड्याला मला जमणार नाहीत. गटात करून घेऊ का? आणि चिठ्ठीवर नाव असावं का?

चौथा बाक
चार-चारचे गट करा, म्हणजे बारा-तेरा शेरे होतील. पण पहिली पाच मिनिटं प्रत्येकाने एकट्याने लिहायचं, बोलायचं नाही. नाहीतर गटातलं एकच मूल बोलतं आणि बाकीचे माना डोलावतात. नाव चिठ्ठीच्या मागे लिहायला सांगा. वर्गात वाचताना पुढची बाजूच वाचा. चूक कोणाची हे कळलं नाही तर मुलं जास्त धीट पर्याय देतात, आणि शेरा द्यायला तुम्हाला नाव मिळतं.

पालक_एक
हे घरी एका मुलाबरोबर जमेल का? गट कसा करायचा?

चौथा बाक
तीन पर्याय तुम्ही काढा, तीन त्याला काढू द्या. मग अदलाबदल करा आणि प्रत्येकामागचा विचार एकमेकांनी ओळखायचा. वेळ लावू नका.