शब्दचर्चा: 'स्वर्गारोहण' की 'स्वर्गोन्नयन'? मरियेविषयीचे काही मराठी शब्द

जेलरोडकर

नमस्कार. नाशिकरोडला आमच्या धर्मग्रामात मी दर रविवारी मुलांना धर्मशिक्षण शिकवते. १५ ऑगस्टला आम्ही कॅथलिक येशूच्या आईचा, मरियेचा सण पाळतो. त्याचं एक पानी पत्रक तयार करायचं काम माझ्याकडे आलं. मथळा लिहिला, 'पवित्र मरियेचे स्वर्गारोहण'. छापायला देण्याआधी एका आजोबांना वाचायला दिलं. त्यांनी शब्दाखाली पेन्सिलीने रेघ ओढली आणि एवढंच विचारलं, "बाई, ती चढली, का तिला नेली?"

मला पटकन उत्तर देता आलं नाही. घरी येऊन जुनी प्रार्थनेची पुस्तकं काढली. काहींत 'स्वर्गउन्नयन' आहे, काहींत 'स्वर्गोन्नयन'. बोलताना मात्र आम्ही बहुतेक जण सर्रास 'स्वर्गारोहण' म्हणतो, आणि हाच शब्द येशूच्या सणालाही वापरतो. दोन्हींत फरक आहे का? असला तर मुलांना तो सोप्या मराठीत कसा सांगावा?

निफाडकर

ताई, मी ख्रिस्ती नाही, पण आयुष्यभर मराठी शिकवली, म्हणून शब्दापुरतं सांगतो. आजोबांनी नेमकं कर्त्यावर बोट ठेवलं आहे.

'आरोहण' हे 'आ + रुह्', म्हणजे वर चढणे. गिर्यारोहण, अश्वारोहण आठवा. चढणारा स्वतःच्या बळाने चढतो. 'उन्नयन' मध्ये धातू 'नी' आहे, म्हणजे नेणे. 'उद् + नयन', वर नेणे. इथे नेणारा कोणीतरी वेगळा लागतो. घरातलं उदाहरण म्हणजे 'उपनयन'. मुंजीत बटू आपणहून जात नाही, त्याला गुरूजवळ नेतात. संधी करून 'स्वर्गोन्नयन' हे रूप बरोबर. 'स्वर्गउन्नयन' हे उच्चाराच्या सोयीसाठी सुटं ठेवलेलं दिसतं.

तुकोबांच्या संदर्भात आपण 'सदेह वैकुंठगमन' म्हणतो. त्यातलं 'गमन'ही जाणाऱ्याचीच क्रिया दाखवतं. पण 'सदेह' हा शब्द मराठी माणसाला तिथूनच ओळखीचा झाला आहे. तुमच्या सणात देहाचा काही संबंध असेल तर तो जरूर वापरा.

जेलरोडकर

सर, देहाचाच तर संबंध आहे! पोप बारावे पायस यांनी १ नोव्हेंबर १९५० रोजी हा सिद्धान्त घोषित केला, त्यात मरियेला आत्मा आणि देह या दोन्हींसह स्वर्गीय वैभवात घेतलं गेलं असंच म्हटलं आहे. 'घेतलं गेलं'. म्हणजे आजोबा बरोबर होते. येशू देव म्हणून स्वतःच्या सामर्थ्याने वर गेला, ते आरोहण. मरिया माणूस आहे, तिला देवाने नेलं, ते उन्नयन. तिला मरण आलं की नाही, यावर त्या घोषणेने निर्णय दिलेला नाही. 'ऐहिक जीवनाचा क्रम पूर्ण झाल्यावर' एवढंच म्हटलं आहे. पूर्वेकडच्या ख्रिस्तसभांत तर या सणाला तिची 'निद्रा' म्हणतात.

हे सगळं वाचताना मला माझी आई आठवत राहिली. शेवटची दोन वर्षं ती अंथरुणावर होती. तिला पुसणं, कूस बदलणं, पाठीला तेल लावणं, हे सगळं मी केलं. आपण कोणाच्या अंत्यविधीला गेलो की 'मातीला जाऊन आलो' म्हणतो. मीही आईच्या वेळी तसंच म्हटलं होतं. पण ज्या देहाची इतकी सेवा केली त्याचं काय, हा प्रश्न मनात होताच. हा सण त्या प्रश्नाशी बोलतो. देवाने एका बाईचा देहही टाकून दिला नाही, तोही आपल्याजवळ घेतला. तिच्यापाशी जे आधी घडलं ते आपल्यालाही मिळणार आहे, असं ख्रिस्तसभा शिकवते. म्हणून मुलांपुढे 'उन्नयन' म्हणताना माझा आवाज आता वेगळा होतो.

शरणपूर

आम्ही प्रोटेस्टंट. १९५० चा सिद्धान्त आमच्या मंडळीत मानत नाहीत, कारण तो पवित्र शास्त्रात स्पष्ट लिहिलेला आढळत नाही. तो वाद इथे नको. पण ताईंनी कर्त्याचा मुद्दा काढला म्हणून एक जोड देतो. तुमच्या प्रार्थनेत 'नमो मारिये, कृपापूर्णे' आहे. आमच्या बायबलमध्ये लूकच्या पहिल्या अध्यायात, २८ व्या वचनात देवदूत तिला 'कृपा पावलेल्या स्त्री' म्हणतो. लहानपणापासून मला वाटायचं की आमचा शब्द तिला कमी मान देतो आणि तुमचा जास्त. मूळ ग्रीक शब्द 'केखारितोमेनी' समजून घेतल्यावर मत बदललं. ते कर्मणी रूप आहे, आणि पूर्ण झालेल्या पण परिणाम टिकून राहिलेल्या क्रियेचं आहे. 'जिच्यावर कृपा झाली आणि जिच्या ठायी ती राहिली' असं काहीतरी. 'कृपापूर्ण' लॅटिन भाषांतरावरून आला आहे. त्यात कृपेची पूर्णता दिसते, पण ती कृपा आली कुठून हे दिसत नाही. 'पावलेली' मध्ये ते दिसतं.

निफाडकर

फार छान. 'पावणे' मराठीत दोन्ही बाजूंनी चालतं, हे लक्षात घ्या. 'कृपा पावली' म्हणजे तिला मिळाली. 'देव पावला' म्हणजे देवाने दिली. पहिल्यात माणूस घेणारा, दुसऱ्यात देव देणारा. 'नवसाला पावणारा' हे दुसऱ्या प्रकारातलं.

हरेगावची लेक

इथेच मला बोलायचं आहे. माझं माहेर हरेगावचं, श्रीरामपूर तालुक्यातलं. ते नाशिक धर्मप्रांतातच येतं. सप्टेंबरात मरियेच्या जन्माच्या सणाच्या सुमारास तिथे मतमाउलीची यात्रा भरते. नऊ दिवस नोव्हेना, म्हणजे खास प्रार्थना, असते. लांबलांबून लोक येतात, ख्रिस्ती नसलेलेही खूप. आणि सगळ्यांच्या तोंडी एकच वाक्य असतं, 'मतमाउली नवसाला पावते'. आता निफाडच्या सरांच्या व्याकरणाने इथे देणारी मरियाच झाली की!

'मतमाउली' शब्दाबद्दल विचारलं तर आमच्याकडे लोक वांद्र्याच्या 'मोत मावली'कडे बोट दाखवतात. तिथल्या टेकडीवरच्या मरियेचं पोर्तुगीज नाव 'नोस्सा सेन्योरा दो मोन्ते', म्हणजे टेकडीवरची आमची माता. मोन्तेचं 'मोत' झालं, कोळ्यांनी त्यात 'मोती' ऐकला, घाटावर येईपर्यंत 'मत' झालं, असा माझा तर्क आहे. 'माउली' मात्र अस्सल आपला. ज्ञानोबांना माउली म्हणणाऱ्या माणसाने मरियेलाही माउली म्हटलं, यात मला काही वावगं वाटत नाही. 'देवी' म्हटलं असतं तर गोंधळ झाला असता. 'माउली' मध्ये माया आहे, पण ती परमेश्वर आहे असा दावा नाही.

जेलरोडकर

ताई, 'माउली' बद्दल अगदी पटलं. आमच्या वर्गात एका मुलाने विचारलं होतं, "मरिया म्हणजे आपली सप्तशृंगी का?" मी त्याला रागावले नाही. त्याच्या शेजारीपाजारी सगळे वणीला जातात, त्याला दुसरी तुलना कुठून सुचणार? पण फरक नीट सांगावा लागतो. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने, म्हणजे जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या परिषदेने, १९६४ मध्ये मरियेला जो मान दिला जातो तो देवाच्या आराधनेपासून मुळातच वेगळा आहे, असं स्पष्ट लिहिलं. मराठीत आपण भक्ती, उपासना, आराधना, पूजा हे शब्द एकमेकांच्या जागी वापरतो, तिथेच घोटाळा होतो. मी वर्गात असे ठरवून टाकलेत: आराधना फक्त देवाची, मरियेला वंदन. 'मरियेची भक्ती' चालेल, 'मरियेची आराधना' नाही.

हरेगावची लेक

मग नवसाचं काय?

माझी आजी 'पावते' असं कधी म्हणायची नाही. ती म्हणायची, "माउलीकडे शब्द टाकलाय." मुलाच्या नोकरीसाठी, सुनेच्या बाळंतपणासाठी, ऊस वेळेवर तुटावा म्हणून. शब्द टाकायचा म्हणजे आपण तिच्याकडे आणि तिने पुढे. लिहिता वाचता न येणाऱ्या बाईने हे कुठल्याही पुस्तकातून घेतलं नव्हतं.

निफाडकर

'शब्द टाकणे' हे रत्न आहे. यात शब्द टाकणाऱ्याचा अधिकार नसतो, जवळीक असते. काम करणारा वेगळाच असतो.

शरणपूर

आजींचं वाक्य मलाही भावलं, पण एक अडचण प्रामाणिकपणे मांडतो. आपल्या घरांत आईने वडिलांकडे शब्द टाकायचा, कारण वडील कडक. देवाबद्दल तसं चित्र उभं राहिलं तर ते चुकीचं ठरेल. आणि पौल तीमथ्याला लिहितो की देव आणि माणसं यांच्यामध्ये मध्यस्थ एकच, ख्रिस्त येशू.

जेलरोडकर

दादा, ही अडचण खरी आहे आणि आमच्या लोकांनाही ती सांगायला हवी. योहानाच्या शुभवर्तमानातलं काना गावचं लग्न घ्या. मरिया येशूला फक्त सांगते, त्यांच्याजवळ द्राक्षारस नाही. मग नोकरांना म्हणते, हा तुम्हांला जे काही सांगेल ते करा. येशूला विनवण्यासाठी तिने पदर पसरला नाही, कडक बापाला वळवलं नाही. तिला उणीव आधी दिसली एवढंच. आपल्या द्राक्षांच्या जिल्ह्यात लग्नघरात काही कमी पडलं की कुठल्याशा मावशीच्या ते सगळ्यांच्या आधी लक्षात येतं, तसं. आणि तिचं शेवटचं बोट येशूकडेच जातं. आमच्या प्रार्थनेतही तिच्याकडे मागणं एकच आहे, 'आम्हां पाप्यांसाठी विनंती कर'. 'दे' असा शब्द त्या प्रार्थनेत नाही.

तुमच्या मध्यस्थाच्या मुद्द्याशी जोडलेली एक ताजी गोष्ट. ४ नोव्हेंबर २०२५ रोजी व्हॅटिकनच्या श्रद्धाविषयक खात्याने मरियेच्या बिरुदांवर एक दस्तऐवज काढला. तिला 'सहतारक' म्हणणं योग्य नाही, कारण त्याने तारणारा ख्रिस्त एकच आहे हे झाकोळतं, असं त्यात आहे. माझ्या ओळखीच्या काही बायांना वाईट वाटलं, मातेचा मान कमी केला म्हणून. मला तसं वाटलं नाही.

निफाडकर

'सह' हा उपसर्ग मराठीतही असाच फसवा आहे. सहसंपादक संपादकाच्या हाताखाली असतो, सहप्रवासी मात्र बरोबरीचा. 'सहतारक' ऐकणारा कुठला 'सह' घेईल, हे सांगता येत नाही.

जेलरोडकर

आता मला सगळ्यात जास्त छळणारा शब्द. ८ डिसेंबरचा सण, 'निष्कलंक गर्भसंभव'. दहापैकी आठ मुलं समजतात की हा येशूच्या गर्भधारणेचा सण. मोठी माणसंही.

निफाडकर

'मरियेचा गर्भसंभव' ही षष्ठी दोन अर्थांची आहे. मरियेने गर्भ धारण केला, असाही अर्थ होतो. मरिया गर्भात आली, असाही होतो. 'आईचा शोध' म्हटल्यावर आई शोधते की आईला शोधतात? तेच इथे झालं आहे. तुम्हाला कुठला अर्थ हवा?

जेलरोडकर

दुसरा! मरिया तिच्या आईच्या उदरात आली त्या पहिल्या क्षणापासून देवाने तिला आदिपापापासून, म्हणजे आदामापासून सगळ्या माणसांकडे जन्मतःच येणाऱ्या पापापासून, राखलं, ख्रिस्ताच्या पुण्याईकडे पाहून. पोप नववे पायस यांची ही घोषणा ८ डिसेंबर १८५४ ची. पुन्हा बघा सर, 'राखलं'. तिने स्वतः काही कमावलं नाही.

गर्भ कोणाचा, हे मुलांना मी आता असं सांगते: संत ॲनाचा, मरियेच्या आईचा. आपल्या नाशिकरोडच्या कॅथेड्रलला जिचं नाव आहे तीच. मग तारखा मोजायला लावते. ८ डिसेंबरपासून नऊ महिने मोजले की ८ सप्टेंबर, मरियेचा जन्म. येशू मरियेच्या उदरात आला तो सण २५ मार्चचा; तिथून नऊ महिने मोजले की २५ डिसेंबर, येशूचा जन्म. बोटांवर मोजलं की पोरं विसरत नाहीत.

हरेगावची लेक

म्हणजे मतमाउलीची यात्रा त्या डिसेंबरच्या सणाशी बांधलेली! हे मला इतक्या वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं.

आमच्याकडे केरळच्या एक सिस्टर आहेत, त्या मल्याळममध्ये 'अमलोत्भव' म्हणतात. मराठीत 'अमलोद्भव' केलं तर?

निफाडकर

शब्द सुंदर. अ-मल, मळ नसलेला, आणि उद्भव म्हणजे तिचं स्वतःचं उगवणं, म्हणून षष्ठीची भानगड मिटते. पण कानावर पडला की लोक 'अंमल' ऐकतील. पत्रकासाठी साधं वाक्यच बरं: 'देवाने मरियेला आईच्या उदरापासून निष्कलंक राखले.' राखण हा शब्द आमच्या द्राक्षबागेतल्या गड्यालाही कळतो.

शरणपूर

एक शंका राहिली. 'देवमाता' बद्दल. आपल्याकडे अदितीलाही देवमाता म्हणतात, म्हणजे देवांची आई. त्यातून भलताच अर्थ निघत नाही का?

जेलरोडकर

निघू शकतो. इ.स. ४३१ च्या इफिसच्या ख्रिस्ती धर्मपरिषदेत याच शब्दावर वाद झाला होता. कॉन्स्टँटिनोपलचा बिशप नेस्टोरियस म्हणत होता, तिला ख्रिस्ताची माता म्हणा, देवाची नको. परिषदेने 'थेओटोकोस' हा ग्रीक शब्द मान्य केला, कारण जो तिच्या पोटी आला तो देवच होता. त्यातला 'टोकोस' म्हणजे जन्म देणारी, म्हणून 'देवजननी' मला जवळचा वाटतो. पण प्रार्थनेतला 'देवाच्या माते' मी बदलणार नाही. तो आईच्या तोंडून ऐकला आहे.

पत्रक काल छापायला दिलं. मथळा असा आहे: 'पवित्र मरियेचे स्वर्गोन्नयन. देवाने तिला सदेह आपल्याजवळ नेले. १५ ऑगस्ट, झेंडावंदनानंतर मिस्सा.' आजोबांना पुन्हा वाचायला दिलं होतं. या वेळी त्यांनी पेन्सिल काढली नाही.