असिस्टेड चाकूचं पातं मध्येच थांबतंय, स्प्रिंग गेली का? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, इथे खिशातले चाकू रोज वापरणारे बरेच जण आहेत म्हणून विचारतोय. माझ्याकडे असिस्टेड ओपनिंगचा फोल्डिंग चाकू आहे, गोडाऊनच्या कामात दिवसभर तोच हाताशी असतो, आणि हल्ली पातं पूर्ण उघडायचं सोडून मध्येच थांबायला लागलंय. स्प्रिंग गेली असं धरून नवीन घ्यावा की हाच ठीक होईल, एवढाच प्रश्न आहे. पण नुसतं "उघडत नाही" लिहून कुणाला काही कळणार नाही म्हणून जरा सविस्तर लिहितो, ज्यांना असा चाकू घ्यायचाय त्यांनाही उपयोग होईल.

पातं तीन इंचांच्या आसपास, १४सी२८एन नावाच्या स्टेनलेस स्टीलचं, मूठ पण स्टीलचीच, फ्रेम लॉक (म्हणजे मुठीचीच एक पट्टी पात्याच्या बुडामागे सरकून त्याला उघडं धरते) आणि मागे फ्लिपर, म्हणजे बंद असताना मुठीच्या पाठीवर बाहेर आलेलं पात्याचं छोटं टोक. हा बटणवाला खटक्याचा चाकू नाही, बऱ्याच जणांचा तसा समज होतो. बंद असताना आतली स्प्रिंग पातं उलट बंदच धरून ठेवते. फ्लिपरवर बोटाने दाब देऊन आपण पातं थोडं बाहेर ढकलायचं, एका ठरावीक कोनाच्या पुढे ते गेलं की तीच स्प्रिंग दुसऱ्या बाजूला जोर लावते आणि उरलेलं पातं स्वतः बाहेर फेकते, आणि शेवटी लॉक टक्कन बसतं. माझ्या चाकूत ही स्प्रिंग म्हणजे टोर्शन बार आहे, मुठीच्या आत कडेकडेने बसवलेली एक बारीक वाकवलेली तार. कर्शॉ कंपनीच्या चाकूंवर स्पीडसेफ लिहिलेलं असतं ना, केन ओनियन या चाकू बनवणाऱ्याने काढलेली, ती याच जातीची रचना.

वापराबद्दल सांगायचं तर मला हा प्रकार मनापासून आवडतो. डाव्या हाताने खोका धरलाय किंवा पट्टी ताणून धरलीय, उजव्या हाताने खिशातून काढला, बोट दाबलं, कापलं, झालं. हातमोजे घालून नखाने उघडायचा चाकू उघडून दाखवा, मग कळेल मी काय म्हणतोय ते. स्टीलबद्दलही तक्रार नाही. पुठ्ठा धार फार लवकर खातो हे ज्यांनी दिवसभर खोके फोडलेत त्यांना माहीत आहे, पण हे स्टील चामड्याच्या पट्ट्यावर थोडं फिरवलं की परत कामाला तयार होतं, आणि घामाने, पावसाने गंज धरलेला नाही. टोक मात्र बारीक आहे, त्याने काही उचकटायला जायचं नाही, मी जातही नाही.

न आवडलेली गोष्ट एकच, बंद करताना. स्प्रिंग उघडायला मदत करते म्हणजे बंद करताना ती आपल्या विरुद्ध असते, त्यामुळे पातं जोर लावून आत न्यावं लागतं आणि शेवटच्या टप्प्यात ते एकदम आत ओढलं जातं. तिथे अंगठा कुठे आहे याकडे लक्ष लागतंच. नवीन घेणाऱ्यांनी आधी घरी बसून बंद करायचा सराव करावा, उघडायला काही शिकावं लागत नाही.

आता दुखणं. पूर्वी बोट लावलं की क्षणात उघडून लॉक व्हायचा. आता पातं जोरात निघतं, साधारण पाऊण अंतर जातं आणि तिथेच उभं राहतं, लॉक बसतच नाही. हे फार वाईट आहे कारण घाईत वाटतं उघडला, आणि कापायला दाब दिला की पातं बोटांवर मिटू शकतं. टोक जमिनीकडे करून उघडला तर बहुतेक वेळा पूर्ण जातो, टोक वर करून उघडला तर जवळजवळ नेहमी अडकतो. हे एका दिवसात झालेलं नाही, हळूहळू वाढत गेलंय, आधी आवाज बदलला, खणखणीत टक्क यायचं त्याच्या जागी बसका आवाज यायला लागला, मग हे अडकणं. पात्यावर चिकटपट्टीचा गोंद बसतो तो मी पुसतो, पण पिव्हटच्या (पातं ज्या खिळीभोवती फिरतं तिच्या) फटीत करड्या रंगाचं काहीतरी दिसतंय, टूथपिकने खरवडलं तर मऊ लागतं.

तर प्रश्न असे की टोर्शन बार अशी हळूहळू ढिली पडते का, चाकू पूर्ण खोलावा का (कंपनीच्या कागदावर लिहिलंय की खोलल्यास वॉरंटी जाईल), आणि कुणीतरी मला सुचवलंय की ती तार काढूनच टाक आणि साधा चाकू म्हणून वापर, तर ते करावं का?

प्रतिसाद

स्प्रिंग गेलेली नाही, जवळपास खात्रीने सांगतो. टोर्शन बार जाते तेव्हा ती तुटते. काल चालत होती, आज फ्लिपर दाबला तर पातं लुळं, मदत शून्य, आणि कधी कधी तुटलेला तुकडा आत खुळखुळतो. तुमचं हळूहळू झालंय आणि पातं अजून जोरात निघतंय म्हणता, म्हणजे तार काम करतेय, वाटेत काहीतरी तिला अडवतंय. तुमच्या वर्णनातला पुठ्ठा हाच संशयित. पुठ्ठा कापला की त्याची अगदी बारीक धूळ उडते, ती पिव्हटमध्ये जाते, तिथे तेल असतं, दोन्हीचा लगदा होतो आणि वरून चिकटपट्टीचा गोंद. असिस्टेड चाकूला हे साध्या चाकूपेक्षा जास्त बाधतं, कारण साध्या चाकूत आपलं बोट किंवा मनगटाचा झटका थोडा जास्त जोर लावून घेतो आणि आपल्याला कळतही नाही. इथे स्प्रिंगचा जोर ठरलेला, त्यातही पातं जसजसं उघडत जातं तसतसा तो कमी होत जातो, म्हणून अडकायचं ते शेवटच्या पाव भागातच अडकतं.

एक चाचणी करा. पिव्हटचा स्क्रू अगदी थोडा, एक अष्टमांश फेरा, सैल करा आणि टोक वर करून उघडून बघा. पूर्ण उघडला तर घर्षण हेच कारण. मग स्क्रू परत होता तिथे आणून ठेवा, सैल ठेवून वापरू नका. बहुतेक चाकूंना टॉर्क्सचा (सहा टोकांच्या ताऱ्यासारख्या खाचेचा) टी६ किंवा टी८ बिट लागतो, पण बिट चांगलं घ्या, स्वस्तातल्या मऊ बिटने स्क्रूचं डोकं खराब झालं तर पुढचं सगळंच अवघड होऊन बसतं. स्क्रू हलतच नसेल तर जोर करू नका, थ्रेडलॉकर (स्क्रू आपोआप सैल होऊ नये म्हणून आट्यांवर लावतात तो गोंद) लावलेलं असतं, तापलेल्या सोल्डरिंग आयर्नचं टोक स्क्रूच्या डोक्याला थोडा वेळ टेकवा, मग सुटतो.

धागाकर्ता

चाचणी केली. स्क्रू खरंच थ्रेडलॉकरने धरलेला होता, सोल्डरिंगवाली युक्ती लागू पडली. थोडा सैल केला तर टोक वर असतानाही पूर्ण उघडला, आवाजही पहिल्यासारखा. पण मग पातं डावीउजवीकडे हलायला लागलं, म्हणून तुम्ही म्हणालात तसा परत जागेवर आणला, परत अडकायला लागला. म्हणजे घर्षणच. आता साफ कसं करायचं, न खोलता होईल का?

प्रतिसाद

मी तर तार काढूनच टाकली असती. असिस्ट हा मला नुसता दिखाऊ प्रकार वाटतो, चांगला पिव्हट असलेला साधा फ्लिपर तेवढ्याच वेगाने उघडतो आणि बंद करताना भांडत नाही. एक भाग कमी म्हणजे एक बिघाड कमी.

प्रतिसाद

वरच्या सल्ल्याला माझा ठाम विरोध आहे, आणि नवीन लोक वाचत असतील म्हणून कारण लिहितो. साध्या फोल्डिंग चाकूत लॉकच्या पट्टीवर एक छोटी गोळी असते, ती पात्यातल्या खड्ड्यात बसते आणि पातं बंद धरते. बऱ्याच असिस्टेड चाकूंमध्ये ही गोळी नसते किंवा अगदी कमजोर असते, कारण बंद धरायचं काम स्प्रिंगच करते, धाग्यातच सुरुवातीला लिहिलंय बघा. तार काढली की पातं बंद ठेवणारं काहीच उरत नाही आणि तो चाकू तुम्ही खिशात घालून वाकता, बसता, शिडी चढता. खिशात हात घातला आणि पातं अर्धं बाहेर, याच्यासारखी जखम नको.

दुसरं, असिस्टेड चाकू खटक्याच्या चाकूपासून वेगळा धरला जातो तो याच गुणामुळे. अमेरिकेत स्विचब्लेडवरचा, म्हणजे खटक्याच्या चाकूवरचा, फेडरल कायदा १९५८ चा आहे, त्यात २००९ साली दुरुस्ती करून स्पष्ट अपवाद घातला तो अशाच चाकूंना, ज्यांच्यात पातं बंद राहावं असा आतून जोर असतो आणि तो जोर हाताने मोडून मगच उघडावं लागतं. ब्रिटनने उलट केलं, २०१९ च्या ऑफेन्सिव्ह वेपन्स कायद्याने बंदी असलेल्या खटक्याच्या चाकूची व्याख्या एवढी रुंद केली की असिस्टेड चाकूही त्यात आले. म्हणजे तुम्ही जिथे राहता तिथला नियम आधी बघायचाच, एका देशात चालतं ते दुसरीकडे चालेल असं नाही. आणि विमानात केबिनमध्ये तर कुठेच नेता येत नाही, चेक-इनच्या बॅगेत ठेवा.

आता सफाई. न खोलता होते, निदान तुमच्या केसमध्ये व्हायला हवी. कोमट पाण्यात भांडी घासायच्या साबणाचे थेंब टाका, चाकू त्यात बुडवून पाण्यातच सावकाश उघडा आणि मिटा, लॉक बसू द्या, बोटं पात्याच्या वाटेत नकोत. पाणी गढूळ झालं की बदला. मग वाहत्या पाण्याखाली पिव्हटमधून धार जाऊ द्या, झटका, आणि हवेच्या डब्याने किंवा केस वाळवायच्या ड्रायरने फटी पूर्ण कोरड्या करा. त्यानंतर पिव्हटमध्ये आयसोप्रोपिल अल्कोहोल सोडा, गोंद त्यानेच सुटतो, पाण्याने सुटत नाही. मूठ लाकडी असती तर अल्कोहोल नको म्हटलं असतं, तुमची स्टीलची आहे म्हणजे चिंता नाही. सगळं वाळलं की पातळ तेलाचा एकच थेंब, सुईच्या टोकाने, पिव्हटच्या दोन्ही बाजूंना. डब्ल्यूडी फॉर्टीचा नेहमीचा फवारा मारू नका, तो घाण सैल करायला चांगला आहे पण वंगण म्हणून टिकत नाही. पुठ्ठ्याच्या कामात तर तेल जितकं कमी तितकं बरं, जास्तीचं तेल बाहेर येतं आणि धूळ धरून बसतं.

धागाकर्ता

तार काढायचा विचार पूर्ण सोडला, गोळीचा मुद्दा मला माहीतच नव्हता. टॉर्च लावून बघितलं, लॉकच्या पट्टीवर खरंच गोळी दिसत नाही.

सफाई वर लिहिल्याप्रमाणे केली. पहिल्या पाण्यात फारसं काही आलं नाही, मला वाटलं झालं, पण अल्कोहोल सोडून उघडमीट केल्यावर पिव्हटच्या बाजूने काळपट करडा लगदा बाहेर यायला लागला, कागदाचे तंतू स्पष्ट दिसत होते त्यात, आणि गोंदाचा एक लांब, शेवटी तुटलेला धागा निघाला जो बहुतेक वॉशर (पिव्हटवरची चकती) आणि पात्याच्या मध्ये गुंडाळून बसला होता. पांढऱ्या कापडावर काही येईनासं होईपर्यंत हेच करत राहिलो. वाळवून एक थेंब तेल. आता टोक वर, टोक खाली, आडवा, कसाही धरला तरी पूर्ण उघडतोय, स्क्रू मूळ जागेवर असूनही. पातं हलत नाही.

आता एकच गोष्ट राहिलीय. लॉक सोडवताना पट्टी चिकटल्यासारखी वाटते, अंगठ्याने जरा जास्त रेटावी लागते, सुटताना कर्र असा आवाज येतो. पूर्वी हे नव्हतं, की होतं आणि लक्षात आलं नव्हतं कुणास ठाऊक. हे बिघाडाचं लक्षण आहे का?

प्रतिसाद

नाही, तुमचा चाकू आता परत पूर्ण जोराने उघडतोय म्हणून लॉकची पट्टी पात्याच्या बुडाशी घट्ट जाऊन बसतेय, आणि तिथलं जुनं तेल तुम्ही अल्कोहोलने धुवून काढलंय. धातूवर धातू चिकटतो. साध्या शिसपेन्सिलने पात्याच्या बुडावर, जिथे लॉक टेकतं तिथे, थोडं गिरवा, ग्रॅफाइटने सुटेल. तिथे तेल मात्र लावू नका, लॉक घसरता कामा नये.

आणि उघडून लॉक केल्यावर एकदा मागच्या बाजूने बघा, पट्टी पात्याच्या बुडाच्या जाडीत कुठपर्यंत गेलीय. पाव ते अर्ध्यापर्यंत असेल तर छान. पार पलीकडच्या कडेला टेकली असेल तर लॉक झिजलंय, मग तो चाकू कंपनीकडे पाठवायचा. लॉक झालेल्या पात्याची पाठ जाड पुठ्ठ्यावर हलकी आपटूनही बघा, बोटं पात्याच्या वाटेतून बाजूला ठेवून. सुटलं नाही म्हणजे ठीक.

धागाकर्ता

पट्टी एक तृतीयांशाच्या आसपास आहे, पाठ आपटून बघितली, लॉक हललं नाही. पेन्सिल लावली, कर्र गेलं. उद्यापासून परत कामावर नेतो. गोंद रोज पात्यावरून पुसतो तसं आता आठवड्याच्या शेवटी पिव्हटमध्येही अल्कोहोल सोडणार, तेल फक्त आवाज बसका झाला तरच. सगळ्यांचे मनापासून आभार, आणि ज्यांनी ती गोळीची गोष्ट लिहिली त्यांचे विशेष.