सोलापूरचा बंद वाडा : दारावर महापालिकेची नोटीस

नमस्कार मंडळी,

शुक्रवार पेठेतला आमचा वाडा आई गेल्यापासून बंद आहे. शेजारच्या काकूंनी काल फोटो पाठवले. बोळाकडच्या भिंतीनं पोट काढलंय आणि दारावर महापालिकेची नोटीस चिकटवली आहे. मालमत्ता पत्रकावर अजून आजोबांचंच नाव आहे. चुलत भावंडं म्हणतात, नोटीस आपल्या हातात कुठे पडली? आणि वाटप होईपर्यंत कुणी पैसे घालू नयेत. पुढच्या दुकानात जुने भाडेकरू आहेत. त्या बोळातून शाळेची मुलं जातात, मला तीच काळजी लागून राहिली आहे. कुणाला माहिती असेल तर सांगा.

(लीड्सहून)

---

ताई,

भावंडांचं ऐकत बसू नका. मालक सापडत नसेल तर दारावर चिकटवलेली नोटीसही बजावलेलीच धरतात. आणि वाटप हा तुमचा घरातला प्रश्न आहे, भिंतीखालून जाणाऱ्या मुलाचा त्याच्याशी काय संबंध? महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६४ खाली आयुक्त धोकादायक बांधकाम दुरुस्त करायला किंवा पाडायला सांगू शकतात, रस्त्याच्या बाजूला आडोसा उभारायलाही सांगू शकतात. तुम्ही केलं नाहीत तर पालिका करते आणि खर्च मालकांकडून वसूल करते. भिंत पडून कुणाचा जीव गेला तर प्रकरण भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ पर्यंत जाऊ शकतं. निष्काळजीपणाने मृत्यू, शिक्षा पाच वर्षांपर्यंत. परदेशात राहतो म्हणून यातून सुटका नाही.

आधी नोटिशीवर वर्ग कोणता लिहिलाय ते बघा. सी-१ म्हणजे अतिधोकादायक, पाडायचीच. सी-२-ए म्हणजे रिकामी करून दुरुस्ती, सी-२-बी म्हणजे रिकामी न करता. सी-३ किरकोळ.

आता वाड्याचं. आपल्याकडचं माळवद म्हणजे लाकडी तुळयांवर पांढऱ्या मातीचा जाड थर. घरात माणूस असलं की पावसाळ्याआधी वर माती पडते, पन्हळी साफ होतात. वाडा बंद पडला की पाणी मुरतं, माती भिजून खूप जड होते, तुळईचं भिंतीत गेलेलं टोक वाळवी खाते, आणि भार भिंतीवर तिरका येऊन ती बाहेर ढकलली जाते. १९९३ साली किल्लारीला दगडमातीच्या जड घरांनीच सर्वाधिक बळी घेतले, हे आपल्या भागाने जवळून पाहिलंय. आणि जून कोरडा गेला म्हणून निर्धास्त राहू नका, सोलापूरला सगळ्यात जास्त पाऊस सप्टेंबरात पडतो.

म्हणून याच आठवड्यात आतून तुळयांना टेकू, बोळात पत्र्याचा आडोसा, महावितरणकडून वीज कायमची बंद. आडाला जाळी घाला, नाहीतर डासही होतात आणि आत शिरलेलं पोरही पडतं. स्ट्रक्चरल इंजिनिअरचा अहवाल लेखी घ्या. ठेकेदार दुरुस्ती करणार असेल किंवा भिंत उतरवणार असेल, तर त्या काळातल्या हलगर्जीपणाला न्याय संहितेचं कलम २९० वेगळं आहे, हे त्यालाही सांगा. मालमत्ता वाचवायचं काम एका सहमालकाने केलं तरी चालतं. पावत्या जपा, वाटपात हिशेब मागता येतो.

तिथल्या विश्वासू माणसाला मुखत्यारपत्र द्या, पण फक्त देखभाल आणि पालिकेच्या कामापुरतं, विक्रीचा अधिकार नको. भारतीय वकिलातीत साक्षांकित करा. भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक लागतो, ही मुदत बरेच जण चुकवतात.

(न्यू जर्सीहून, मूळचा साखर पेठेतला)

---

काकांच्या पत्रात भाडेकरूंचं राहिलं, म्हणून लिहिते. वाडा पाडला म्हणजे दुकानदार आपोआप जातो असं भावंडांना वाटत असेल, तर ते चूक आहे. सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेने पाडलेल्या एका इमारतीच्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये स्पष्ट सांगितलं की इमारत गेली तरी भाडेकरार संपत नाही. तेव्हा पाडण्याआधी त्याच्या गाळ्याचं मोजमाप लेखी करून घ्या, त्याचीही सही घ्या. ते दुकान त्याचं पोट आहे, त्याला अंधारात ठेवून काही करू नका.

आणि घर बंद ठेवून विसरू नका. कुणी मालकी सांगत उघडपणे, अखंड बारा वर्षं ताबा ठेवला तर मुदतीच्या कायद्याने आपला हक्कच जाऊ शकतो. कर भरत राहा, वारसनोंद सुरू करा.

ताई, नोटिशीचा स्पष्ट फोटो आणि तारीख आज पाठवा. उत्तराची मुदत किती उरली ते बघून आयुक्तांच्या नावाने अर्जाचा मसुदा मी रात्रीपर्यंत करून देते.

(पुण्याहून, सोलापूरची लेक, वकील)