आज्ञापालन आणि विरोध : थोडी भर

'बिशपांनी सांगितलं की कॅथलिकाने गप्प ऐकायचं,' असं चर्चेत एकांनी लिहिलंय. मी नाशिकरोडचा, बाळ येशूच्या यात्रेत वाढलेला. आज्ञापालन आमच्या अंगात मुरलेलं आहे, तरीही हे विधान मला मान्य नाही.

अंत्युखिया शहरात प्रेषित पेत्र परराष्ट्रीयांबरोबर (यहुदी नसलेल्यांबरोबर) जेवायचं टाळू लागला, तेव्हा प्रेषित पौलाने त्याला तोंडावर विरोध केला (बायबल, गलती २:११). पेत्र म्हणजे पहिला पोप! यावरूनच मध्ययुगीन धर्मपंडित संत थॉमस अक्वायनस सांगतात की श्रद्धेलाच धोका असेल, तर अधिकाऱ्याची चूक चारचौघांतही दाखवावी, पण आदर राखून. चौथ्या शतकात ख्रिस्त पूर्ण अर्थाने देव नाही, या आरियसच्या मताला अनेक बिशप वश झाले असताना बिशप अथनासियस पाच वेळा हद्दपार झाले, पण ख्रिस्ताचं देवत्व त्यांनी सोडलं नाही.

चर्चचा आजचा कायदाही हेच मानतो. १९८३ च्या कायदासंहितेतलं कलम २१२ वाचा : आपलं मत धर्मगुरूंना कळवणं हा भाविकांचा हक्क आहे, कधी कधी कर्तव्यसुद्धा.

मर्यादाही आहे, आणि मला ती तितकीच महत्त्वाची वाटते. चर्चमधल्या नव्या सुधारणांना विरोध करणारे फ्रेंच आर्चबिशप लफेव्र यांनी १९८८ मध्ये पोपच्या परवानगीविना चार जणांना बिशपपदाची दीक्षा दिली. हेतू श्रद्धारक्षणाचाच सांगितला, पण ते समांतर अधिकार उभा करणं झालं.

मिस्साची (चर्चमधल्या उपासनेची) वेळ किंवा फादरांची बदली यावरची नाराजी मात्र यात बसत नाही. तिथे ऐकावंच.