विश्वास हवाच, पण करारही हवा
लोकांमध्ये जाऊन संशोधन करताना 'स्थानिक संस्थेशी विश्वासाचं नातं जुळलं की विद्यापीठाने लेखी कराराची घाई करू नये' असं म्हणतात, ते पटलं नाही. अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यातल्या हवासुपाई या आदिवासी जमातीचा विश्वास होताच की! १९९० पासून त्यांनी मधुमेहाच्या अभ्यासासाठी म्हणून ॲरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीला रक्त दिलं. पुढे त्याच नमुन्यांवर स्किझोफ्रेनिया या मानसिक आजाराचं आणि पूर्वजांच्या स्थलांतराचंही संशोधन झालं. प्रकरण कोर्टात गेलं. २०१० मध्ये तडजोड होऊन ४१ जणांना मिळून ७ लाख डॉलर आणि उरलेले नमुने परत मिळाले. बरं, संमतीपत्र होतं, पण भलतंच मोघम.

त्यामुळे नमुने कोणाच्या ताब्यात, दुसऱ्या कामाला वापरायचे तर कोणाला विचारायचं, हे आधीच लिहून घ्या. संशोधनासाठी घरोघरी फिरणाऱ्या संस्थेच्या कार्यकर्त्यांचं मानधनही. 'सहकार्य' म्हणत त्यांचं काम फुकटात उरकायची सवय फार.