शुक्रवारी प्रॉम, शनिवारी सायन्स ऑलिंपियाड

प्रश्न: आम्ही न्यू जर्सीत असतो. लेक बारावीत. रात्री प्रॉम, म्हणजे शाळेची नटूनथटून जायची नाचाची पार्टी; सकाळी सातला सायन्स ऑलिंपियाडची, म्हणजे शाळांच्या सांघिक विज्ञान स्पर्धेची बस. आजीच्या पैठणीचा गाऊन शिवलाय, काठावरचे मोर बरोबर गळ्याशी आलेत. पण टीममध्ये १५च मुलं, वेगवेगळ्या विषयांच्या स्पर्धा २३, त्याही बहुतेक जोडीनं. ही पेंगली तर जोडीदाराचंही नुकसान. काय करू?

उत्तर १: दोन्हीकडे पाठवा. बारावी पुन्हा येत नाही. आफ्टरपार्टी मात्र नको.

उत्तर २: बॅग आदल्या दिवशीच भरा. कॅल्क्युलेटर, गॉगल्स विसरतातच.

प्रश्नकर्ती: साडेअकराला आली, गाऊनची शिवण उसवलेली. मी केसांतल्या पिना काढत होते, ती खडकांचे नमुने घोकत होती. मीच रडले. खडकांच्या स्पर्धेत ती आणि जोडीदार, तिसऱ्या आल्या दोघी!