परवा म्हणजे नक्की कधी?

सोसायटीचा व्हॉट्सॲप ग्रुप. गुरुवार, १२ मार्च

बी-४०२ (सकाळी ७:१८): नळाला पाणी नाही. डोक्याला शाम्पू लावून एका हाताने टाइप करतेय. टाकीचं काम उद्या होतं ना?

बी-३०४: आमच्याकडे पण थेंब नाही.

सेक्रेटरी (७:३१): मेसेज टाकला होता. वर जाऊन बघावा.

बी-४०२: वर गेले, बघितला. जसाच्या तसा खाली देते.
‘सर्व सभासदांना कळविण्यात येते की टाकी साफसफाईचे काम परवा करण्यात येणार असून पाणीपुरवठा बंद राहील, याची नोंद घ्यावी.’
परवा म्हणजे नक्की कधी?

सेक्रेटरी: परवा म्हणजे परवा. मंगळवारी रात्री टाकलाय. उद्या बुधवार, परवा गुरुवार.

बी-४०२: मेसेजवरची वेळ बघा, साहेब. बारा वाजून दहा मिनिटं. बुधवार लागला होता. बुधवारचा परवा शुक्रवार.

सेक्रेटरी: मी झोपलो नव्हतो. माझा मंगळवारच चालू होता.

सी-५०१: साहेबांची तारीख झोपल्यावर बदलते 😂

ए-१०१: मुद्दा एवढाच आहे की सूचनेत वार, तारीख आणि वेळ हवी. वार्षिक सभेतही मांडला होता.

बी-३०४: आमच्या सासूबाईंची वेगळीच गंमत. त्या मेसेज उघडत नाहीत, स्क्रीनवर वर येतं तेवढंच वाचतात. तिथे दिसलं, ‘सर्व सभासदांना कळविण्यात येते की टाकी साफसफाईचे काम परवा…’ आणि पुढे टिंबं. त्या म्हणाल्या, झालं वाटतं परवाच. निवांत बसल्या.

सी-२०३: त्यांचं काही चुकलं नाही. मराठीत परवा मागचाही असतो आणि पुढचाही. ‘परवा आले होते’, ‘परवा येतील’. क्रियापद वाचल्याशिवाय कळत नाही, आणि आपलं क्रियापद वाक्याच्या शेवटी. फोनच्या पट्टीवर ते कापलं जातं. म्हणून महत्त्वाचं आधी लिहावं. ‘गुरुवारी पाणी बंद’ हे तीन शब्द पहिले हवे होते. ‘सर्व सभासदांना कळविण्यात येते की’ हे कशाला? सभासदांच्याच ग्रुपवर आहे, सभासदांनाच कळणार.

सेक्रेटरी: बाई, शासकीय पद्धत आहे ती.

सी-२०३: शासन इथे कुठे राहतं? आणि ‘करण्यात येणार’ म्हणजे कोण करणार? ‘बंद राहील’ म्हणजे कधीपासून कधीपर्यंत? अडचण आली तर फोन कोणाला करायचा? वाक्य लांबलचक, आणि कर्ता बेपत्ता.

सी-५०१: आज लिफ्टपण धुणार आहेत म्हणे, टाकीतल्याच पाण्याने.

सेक्रेटरी: काही सभासदांना फक्त चुका काढायच्या असतात. दिवसभर ऑफिस, रात्री सोसायटी. ज्यांना व्याकरण येतं त्यांनी पद घ्यावं. राजीनामा तयार आहे. 🙏

बी-४०२: ‘काही सभासद’ म्हणजे कोण?

सेक्रेटरी: ज्याचं त्याने समजावं.

बी-४०२: हेच ते. नाव घ्यायचं नाही आणि सगळ्यांना कळेल असं लिहायचं. पाण्याच्या सूचनेत नेमकं हेच उलटं झालं. ‘सर्व सभासदांना’ असं स्पष्ट लिहिलं, आणि कळलं कोणालाच नाही.

ए-३०२: शांतता राखा. लहान मुलंही ग्रुपवर आहेत!!!!!!!

सी-५०१: काका, सात उद्गारचिन्हं टाकून शांतता? इंग्रजीत सगळी कॅपिटल अक्षरं वापरली की ओरडल्यासारखं वाटतं. १९९५च्या इंटरनेट शिष्टाचाराच्या आरएफसी १८५५ या दस्तऐवजातच तसं लिहिलंय. देवनागरीत कॅपिटल नाहीत म्हणून आपण उद्गारचिन्हांवर भागवतो.

ए-१०१: मुद्दा एवढाच आहे की वार, तारीख, वेळ.

बी-३०४: सी-५०१, लिफ्ट धुणार म्हणालास ना? सासूबाईंनी यावेळी मेसेज पूर्ण वाचला. तिसऱ्या मजल्यावरून जिन्याने उतरल्या आणि आता खाली बाकावर बसून तुझ्या आईला फोन लावतायत.

सी-५०१: अरे बापरे. गंमत होती, काकू. सॉरी.

सी-२०३: चेहरा दिसत नाही, आवाज ऐकू येत नाही, मग वाचणाऱ्याला गंमत कळणार कशी?

सी-५०१: बाई, याचा इतिहासच आहे. १९८२ साली अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात संगणकावरच्या सूचना-फलकावर कोणीतरी थट्टेत लिहिलं की लिफ्टमध्ये पारा सांडलाय. काहींनी तो खराच इशारा समजला. त्या गोंधळानंतर स्कॉट फालमन या प्राध्यापकांनी सुचवलं की गमतीच्या मजकुरापुढे कोलन, रेघ आणि कंस टाकावा, आडवं बघितलं की हसरा चेहरा. चिन्हांची ही स्मायली आली ती लिफ्टच्या थट्टेतूनच.

बी-३०४: मग तू का नाही टाकलीस?

सी-५०१: …

ए-२०४: [व्हॉइस मेसेज, ४ मिनिटे १२ सेकंद]

बी-४०२: दादा, लिहून टाका ना. मी ऑफिसच्या मीटिंगमध्ये आहे. चार मिनिटं ऐकायची म्हणजे दाराबाहेर जावं लागेल.

ए-२०४: शेवटी मुद्दा आहे तो ऐका.

बी-४०२: शेवटी?

खजिनदार: मेसेजचं राहू द्या, मेलचं बघा. मागच्या महिन्यात लेखापरीक्षकांना मेल गेला, विषय ‘अर्जंट’. त्यांच्याकडे असे किती येत असतील? ‘मागील वर्षाच्या पावत्या, सोमवारपर्यंत हव्यात’ असा विषय असता तर न उघडताच कळलं असतं. वर सगळ्या सभासदांचे पत्ते ‘टू’मध्ये, एकमेकांना न दिसणाऱ्या बीसीसीत नाहीत. मग एकाने ‘रिप्लाय ऑल’ दाबून त्याच्या थकबाकीची कैफियत सगळ्या सोसायटीला ऐकवली.

ए-३०२: तो विषय संपला होता.

खजिनदार: तुमच्यासाठी संपला असेल. रक्कम यायची आहे अजून.

सी-२०३: थकबाकी नंतर. मला मोटारीच्या खोलीतली चिठ्ठी आठवली. आठवतेय ना सगळ्यांना? ‘मोटार चालू नको बंद करा.’ लिहिणाऱ्याच्या मनात होतं, चालू नको, बंद करा. वॉचमननी वाचलं, मोटार चालू, नको बंद करा. दुपारभर टाकी वाहत होती. आणि आपण बोललो कोणाला? वॉचमनना. एक स्वल्पविराम द्यायला काय झालं होतं? जुन्या मोडी कागदांत शब्दही न तोडता सलग लिहीत. स्वल्पविराम, पूर्णविराम ही इंग्रजी अमदानीतली देणगी, मेजर कँडी या इंग्रज अधिकाऱ्यांनी ती मराठीत रुळवली. दीडशेवर वर्षं झाली, पण आमच्या मोटारीच्या खोलीपर्यंत अजून पोचली नाही.

सेक्रेटरी: ती चिठ्ठी मी लिहिलेली नव्हती.

सी-२०३: मी कुठे तुमचं नाव घेतलं?

ए-१०१: मुद्दा एवढाच आहे की

ए-१०१: चुकून गेला. मुद्दा एवढाच आहे की सूचनेत वार, तारीख आणि वेळ हवी. कोणीच उत्तर देत नाही.

बी-४०२: काका, उत्तर काय देणार? सगळ्यांना मान्य आहे.

ए-१०१: मग तसं लिहावं.

बी-३०४: साहेब, निदान तो जुना मेसेज एडिट तरी करा. आत्ता कोणी वाचला तर परत शनिवार धरेल.

सी-५०१: पंधरा मिनिटांच्या आतच एडिट होतो. वेळ गेली.

सेक्रेटरी (९:०५): मला एक सांगायचंय. टाकीवाल्याचा मेसेज दाखवतो. पूर्ण मेसेज: ‘परवा येतो.’ बस. मीही तेच पुढे पाठवलं. तारीख मलाही आज सकाळी त्यांचा टेम्पो गेटवर आला तेव्हा कळली. मी पण साबण लावूनच उभा होतो.

बी-४०२: हे आधी का नाही सांगितलंत?

सेक्रेटरी: विचारलं कोणी? सगळे परवावर.

बी-४०२: बरं. माझं थोडं तिखट झालं, तेही ग्रुपवर. तुम्हाला एकट्याला फोन करायला हवा होता. पण साहेब, त्यांचा ‘परवा’ आपल्याकडून पुढे जाताना तारीख होऊनच गेला पाहिजे. आणि तारीख माहीत नसेल तर तसं लिहा, ‘तारीख ठरलेली नाही, आज रात्री ९ पर्यंत कळवतो.’ तेवढ्यावर मी बादल्या भरून ठेवल्या असत्या.

सेक्रेटरी: ए विंगची टाकी राहिली आहे. आता फोन करून तारीख-वेळ पक्की विचारली. तुम्हीच लिहा, मी टाकतो.

बी-४०२ (९:२२): घ्या.
‘ए विंग: शनिवार, १४ मार्च, सकाळी १० ते दुपारी ४ पाणी बंद. टाकी धुणार आहेत. शुक्रवारी रात्रीच पाणी भरून ठेवा. बी आणि सी विंगचं पाणी चालू राहील. अडचण आल्यास सेक्रेटरींना फोन करा, मेसेज नको.’

सी-५०१: आधी १४/३ लिहिणार असाल तर बरं झालं नाही लिहिलं. कुठे दिवस आधी लिहितात, कुठे महिना. १४वा महिना नसतो म्हणून वाचलो असतो, पण ५/३ असतं तर मे की मार्च यावर आणखी शंभर मेसेज.

सी-२०३: छान झालंय. ‘दुपारी १२’ आणि ‘रात्री १२’ टाळलंत तेही बरं. रात्री बाराला तारीख कोणती धरायची यावरूनच आजची सकाळ गेली.

सेक्रेटरी (९:३०): ए विंग: शनिवार, १४ मार्च, सकाळी १० ते दुपारी ४ पाणी बंद. टाकी धुणार आहेत. शुक्रवारी रात्रीच पाणी भरून ठेवा. बी आणि सी विंगचं पाणी चालू राहील. अडचण आल्यास सेक्रेटरींना फोन करा, मेसेज नको. याची नोंद घ्यावी.

सी-२०३: ‘याची नोंद घ्यावी’?

सेक्रेटरी: बाई, तेवढं राहू द्या.

सी-२०३: राहू दे.

सी-५०१: ग्रुपवर पिन करतो, सात दिवसांसाठी. नाहीतर संध्याकाळपर्यंत सुप्रभातच्या फुलांखाली गाडला जाईल.

ए-३०२: सुप्रभात 🙏 [फोटो]

ए-१०१: शनिवार चालेल. पण मुद्दा एवढाच आहे की वेळ दिलेली नाही.

बी-३०४: काका, दिलीय. दहा ते चार. पिन केलेला बघा.

ए-१०१: पिन कुठे असते?

सेक्रेटरी: बी-४०२, जमलं तर लिफ्टच्या सर्व्हिसिंगचंही लिहून द्याल का? खरंच आहे हो, थट्टा नाही.

बी-४०२: देते. कोणती तारीख, किती ते किती, कोणत्या विंगची लिफ्ट?

सेक्रेटरी: त्यांनी एवढंच कळवलंय, ‘या आठवड्यात’.

बी-४०२: साहेब…

सेक्रेटरी: लावतोय फोन. उचलत नाहीयेत.